वरची खूण

ठिणगीचा डावा हात सापडत नव्हता.

तिकीटखिडकीसमोरच्या फरशीवर पुठ्ठ्याचे बेचाळीस तुकडे मांडलेले होते. प्रत्येकाच्या पाठीवर आकडा छापलेला. सतरा म्हणजे वादळ्याचा खांदा, अठरा आणि एकोणीस त्याचा फडफडता अंगरखा, वीस त्याची मूठ. पुठ्ठेमास्तरांनी खोकं तिसऱ्यांदा उलटं केलं, आतला कागद झटकला, खोक्याच्या तळाशी हात फिरवून पाहिला.

"काय हरवलं, मास्तर?" तिकीटवालीने काचेआडून विचारलं. दुपारचा खेळ सुरू झाला होता, त्यामुळे पुढचे दोन तास तिला फारसं काम नव्हतं.

"हात."

"कुणाचा?"

"ठिणगीचा. डावा."

"असेल कुणाच्या तरी खांद्यावर. आजकालच्या पोरींचं काही सांगता येत नाही."

मास्तर हसले नाहीत. बावीस वर्षं ते या चित्रपटगृहात कटआउट उभे करत होते. येणाऱ्या सिनेमाची माणसं चपटी होऊन खोक्यातून यायची, आणि मास्तर त्यांना घड्या घालून, खाचेत जीभ अडकवून, मागून टेकू लावून उभं करायचे. एवढ्या वर्षांत एकही तुकडा त्यांच्या हातून हरवला नव्हता. सिनेमा त्यांनी क्वचितच पाहिला असेल, पण कुठल्या नटाची मान किती लांब छापतात हे त्यांना पाठ होतं.

शेवटी त्यांनी जोडणीचा नकाशा नीट पाहिला आणि हाताचा उलगडा झाला. ठिणगी वादळ्याच्या मागे उभी होती. तिची डावी बाजू त्याच्या अंगरख्याने झाकलेली. हात हरवला नव्हता, तो छापलाच नव्हता.

मास्तरांनी कमरेची टेप काढली. वादळ्या: दोनशे चाळीस सेंटिमीटर. ठिणगी, जेवढी दिसत होती तेवढी: एकसष्ट.

"सिनेमाचं नाव काय गं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच लावलंत ना वर? 'ठिणगी, भाग तीन'."

"तेच म्हटलं," मास्तर म्हणाले, आणि खिशातून मोबाइल काढून दोन्ही आकडे लिहू लागले.

ठिणगीप्रेमींचा एक गट मोबाइलवर होता. चार हजार माणसं, त्यातल्या जवळजवळ सगळ्यांची नावं खोटी. गेले दोन महिने तिथे रणधुमाळी चालली होती. पहिल्या दोन भागांत ठिणगी झालेल्या नटीला कंपनीने काढलं होतं. ती चव्वेचाळीस वर्षांची होती. नवी ठिणगी तेवीसची, जाहिरातींमुळे घराघरांत पोचलेली. कंपनी म्हणाली, "ताजा चेहरा." अर्धा गट म्हणाला, विश्वासघात. उरलेला अर्धा म्हणाला, सिनेमा आहे, पेन्शन योजना नाही. झलक आली त्या दिवशी कुणीतरी मोजलं, अडीच मिनिटांत ठिणगी फक्त नऊ सेकंद दिसते. मग नवीच लढाई जुंपली: हा सिनेमा कुणाचा, आणि विकतायत कुणाच्या नावावर?

मास्तरांचं तिथलं नाव होतं 'जुना पुठ्ठा'. सुरुवातीला पोरांनी थट्टा केली. रद्दीत जा म्हणाले, भिजू नका म्हणाले. मास्तर भांडत नसत. ते फक्त मोजून सांगत. जाहिरातीच्या पाटीवर नवीन नटीचं नाव कितव्या ओळीत आहे, अक्षर किती उंच आहे, मागच्या वेळी किती होतं. हळूहळू दोन्ही बाजूंची पोरं विचारू लागली, "पुठ्ठाकाका, तुमचा आकडा काय म्हणतो?"

त्यांना काका हे नाव दिलं होतं 'तिसरी रांग' या सभासदाने. "तुम्ही नक्की कुणाचे तरी काका आहात," असं तिने लिहिलं होतं. "प्रत्येक वाक्यानंतर टिंब देता."

तिसरी रांग म्हणजे मास्तरांची मुलगी. काका म्हणजे आपले बाबा, हे तिला माहीत नव्हतं. ती कोण, हे त्यांना माहीत होतं. घरच्या संगणकावर हे नाव तिने त्यांच्यासमोरच घेतलं होतं, वयाच्या बाराव्या वर्षी. कर्मचाऱ्यांच्या पासावर घरच्यांना तिसऱ्या रांगेपलीकडे बसता येत नसे. तिने सगळे सिनेमे मान वर करून पाहिले होते.

आता ती दुसऱ्या शहरात नोकरी करत होती. दर रविवारी आईला फोन करायची. मास्तर शेजारीच बसलेले असत. "बाबा बरे आहेत ना?" एवढं पलीकडून ऐकू यायचं. "हो, आहेत की इथेच, देऊ?" आई म्हणायची. मग पलीकडे घाई सुरू व्हायची, कुकर लागलेला असायचा किंवा दारावर कुणीतरी आलेलं असायचं. तीन वर्षं तिच्या दारावर रविवारी नेमकं त्याच वेळी कुणीतरी येत होतं.

तीन वर्षांपूर्वी दुसरा भाग लागला, तेव्हा कंपनीने ठिणगीचा खरा पोशाख पाठवला होता. पहिल्या दिवशी एका मुलीने तो घालून दर्शनी दालनात उभं राहायचं, लोकांबरोबर फोटो काढायचे. मुलगी चित्रपटगृहाने निवडायची. पाच जणी आल्या. त्यात मास्तरांची मुलगी होती. ती ठिणगीसारखी चालायला शिकली होती, वळायला शिकली होती, आणि तिला ठिणगीचे सगळे संवाद पाठ होते, अगदी शत्रूच्या उसाशांसकट. बाकीच्या चौघींनी तिलाच विचारलं, हात कसा धरायचा.

कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं: उंची एकशे साठ ते एकशे बाहत्तर. व्यवस्थापक म्हणाले, "मास्तर, तुमच्या मुलीची उंची किती?"

"एकशे चौऱ्याहत्तर."

"बाबा, परत मोजा ना," ती म्हणाली.

"घरी लिहिलेलं आहे."

टेप त्यांच्या कमरेलाच होती. पण आपल्या मुलीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, ही एकच गोष्ट त्या वेळी त्यांच्या डोक्यात होती. निवडलेली मुलगी बुटकी निघाली. पोशाख आखूड करायला मास्तरांच्याच घरी आला, कारण त्यांची बायको कपडे दुरुस्त करायची. मुलगी खोलीच्या दारात उभी राहून आईच्या कात्रीकडे बघत होती.

"शिवणीत तीन बोटं माया होती, जादा कापड," नंतर बायको म्हणाली. "मोकळा करून दिला असता. मला विचारायचं तरी."

चार महिन्यांनी मुलीने नोकरी धरली आणि ती गेली.

मास्तरांनी आकडे पाठवले. दोनशे चाळीस आणि एकसष्ट. खाली लिहिलं, "डावा हात छापलेला नाही." पाच मिनिटांत गट पेटला. कुणी नव्या नटीला शिव्या घातल्या. तिला हेच पाहिजे, तिचं तोंडच मागे उभं राहायच्या लायकीचं आहे, वगैरे. मग तिसरी रांग आली.

"तिला शिव्या देऊ नका. मागे उभं राहायचं तिनं ठरवलेलं नाही, आणि जुनीला काढायचं पण तिनं ठरवलेलं नाही. ज्यांच्या हातात टेप होती त्यांना विचारा."

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. मग सावकाश एका बोटाने टाइप केलं, "टेप धरणाऱ्याला पुढे चूक कळली तर त्याने काय करावे."

उत्तर लगेच आलं. "परत मोजावं, काका. अजून काय?"

तिकीटवालीने काचेवर टकटक केलं. "मास्तर, मोबाइलकडे बघून काय रडताय? पिक्चर पडला वाटतं, लागायच्या आधीच?"

"पुठ्ठ्याची धूळ आहे," मास्तर म्हणाले आणि सतरा नंबरचा खांदा उचलला.

दोन दिवसांनी एका पोराने शंका काढली. पहिल्या भागाच्या कटआउटमध्ये ठिणगी एकटी होती, दोनशे दहा सेंटिमीटर, असं जुना पुठ्ठा सांगतो. याला पुरावा काय? मनाला येईल तो आकडा कुणीही फेकेल. यावर बरीच खेचाखेची झाली. शेवटी तिसऱ्या रांगेने लिहिलं, "काका, फोटो आहे का? टाका आणि याचं तोंड बंद करा."

तिने काही मागितलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

तो कटआउट घरीच होता. सिनेमा उतरल्यावर मास्तरांनी तो रद्दीत जाऊ दिला नव्हता. शिलाई मशीनच्या मागे, भिंतीला तोंड आणि खोलीला पाठ करून ठिणगी तेरा वर्षं उभी होती. पाठीवर वरच्या बाजूला कंपनीची छापील चिठ्ठी होती: भाग एक, एकूण उंची दोनशे दहा. मास्तरांनी खिडकीचा पडदा सारला, संध्याकाळचं ऊन आत घेतलं, दोन पावलं मागे जाऊन फोटो काढला आणि चिठ्ठी वाचता येते ना एवढं पाहून पाठवून दिला.

टाळ्यांचा पाऊस पडला. पोराने माफी मागितली. काका जिंदाबाद झालं. अर्ध्या तासाने कुणीतरी सहज विचारलं, "ते सगळं ठीक, पण त्या पेन्सिलच्या रेघा कसल्या आहेत?"

मास्तरांनी मान वर करून कटआउटकडे पाहिलं.

घर भाड्याचं होतं, भिंतीवर रेघ ओढायची घरमालकाने मनाई केली होती. म्हणून पोरीची उंची ते दर वाढदिवसाला ठिणगीच्या पाठीवर लिहायचे. मशीन पुढे ओढायचं, डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरायची, रेघ मारायची, आकडा घालायचा. दहाव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत आठ रेघा. रोज त्यांच्यासमोर असायच्या, म्हणूनच त्या त्यांना दिसल्या नाहीत. फोटोत प्रत्येक आकडा वाचता येत होता.

फोटो काढून टाकायला त्यांनी बोट नेलं. त्याच्याखाली लिहिलेलं होतं: तीनशे बारा जणांनी पाहिलं.

तिसरी रांग त्या दिवशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गटात तिची वाट पाहणारे बरेच होते. "रांग कुठे गेली?" "तिकीट मिळालं नसेल." मास्तर कटआउट जोडत राहिले. वादळ्या उभा राहिला. त्याच्या मागे ठिणगी अडकवताना त्यांनी टेकूची खाच एक घर पुढे घेतली. तिचा चेहरा दोन सेंटिमीटर बाहेर आला. नकाशात तसं नव्हतं.

"मास्तर, वाकडं झालंय," तिकीटवाली म्हणाली.

"असू दे."

"तुम्ही म्हणताय, असू दे?" ती खुर्चीतून अर्धी उठली. "बरं वाटत नाही का? घरी जा."

रविवारी फोन आला नाही.

"कामात असेल," बायको म्हणाली. तिने दुपारभर मशीन चालवलं, पण मधूनच पाय थांबवून ती मोबाइलकडे बघायची. मास्तरांनी तिला काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार? पोरीशी बोलता यावं म्हणून दोन महिने दुसऱ्याच माणसाचं सोंग घेतलं, आणि आता त्या माणसाशीही ती बोलेनाशी झाली?

संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्यांच्या खिशात मोबाइल थरथरला. गटात नव्हे. त्यांच्या एकट्याच्या नावावर.

"सगळ्यात वरची खूण चुकली आहे. मी त्या दिवशी टाचा उचलल्या होत्या. मला ठिणगीच्या खांद्याला लागायचं होतं."

खाली आणखी काही नव्हतं.

मास्तर उठले. सतराव्या वर्षाच्या रेघेला त्यांनी टेप लावली. एकशे चौऱ्याहत्तर. रेघ अचूक होती, आकडा अचूक होता. पट्टी अगदी आडवी धरली होती, हे त्यांना आठवत होतं. तिचे विंचरलेले केस दाबले गेले होते, तेही आठवत होतं. ते सगळा वेळ तिच्या डोक्याकडे बघत होते.

त्यांनी लिहायला घेतलं, "तुम्ही किती". ते पुसलं. मग लिहिलं, "किती उचलल्या होत्यास?" टिंबाऐवजी प्रश्नचिन्ह आलं. पाठवलं. संदेश पोचल्याची खूण उमटली, वाचल्याचीही उमटली. उत्तर आलं नाही.

थोडा वेळ वाट पाहून त्यांनी मोबाइल खिडकीत ठेवला आणि शिलाई मशीनला दोन्ही हात लावले.

"अहो, मशीन कुठे ढकलताय?" बायको आतून आली. "माझा धागा तुटेल."

"थोडं पुढे घेतोय."

"कशाला?"

"तिथे कुणी उभं राहायचं म्हटलं, तर जागाच नाही."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मग कटआउटकडे, मग खिडकीतल्या मोबाइलकडे. तिने मशीनची दुसरी बाजू धरली. मशीन फरशीवर किरकिरत पुढे सरकलं. मागे कित्येक वर्षांची धूळ, दोन बटणं आणि एक जुनी लाकडी पट्टी निघाली. बायकोने झाडून घेतलं, ओल्या फडक्याने पुसलं.

मास्तरांनी जागा मोजली. चाळीस सेंटिमीटर. दोन पावलांना पुरेल एवढी.

वरची रेघ त्यांनी खोडली नाही. पट्टी आणि पेन्सिल मशीनवर हाताशी ठेवली, आणि ते तिथेच जमिनीवर मांडी घालून बसले, फरशी वाळेपर्यंत, जिथे टाचा टेकतात तिथे बघत.