आधी इंजिन गरम होऊ द्या

मी स्लोचा स्क्रू बोलतोय. केनवडच्या पंजाबरावांच्या जुन्या पेट्रोल व्हॅनमध्ये, सीटखाली, कार्बोरेटरच्या कडेला राहतो. ड्रायव्हरनं पाय काढला तरी इंजिन बंद पडू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. मला आत पिळलं की रेस वाढते, बाहेर सोडलं की उतरते. यात न कळण्यासारखं काय आहे?

पंजाबराव एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. जन्मभर स्टेअरिंग धरलं म्हणजे इंजिनही आपल्यालाच कळतं, असा त्यांचा समज. रोज सकाळी गार इंजिन आचके द्यायला लागलं की चमच्याच्या दांडीनं मला आत पिळायचे. रिसोड येईस्तोवर इंजिन तापायचं आणि उभी गाडी बोंबलायची. मग बाजारात सीट उचलून मला उलटं पिळायचे. माझ्या डोक्याची खाच झिजली. त्यांचा हेका नाही झिजला.

आणि शिव्या कोणाला? स्नेहाला, त्यांच्या पोरीला. तिला रिसोडच्या क्लासला जाणाऱ्या पोरींची फेरी सुरू करायची होती. पोरी ठरल्याही होत्या. पण बापानं नको तितकी रेस उतरवलेली गाडी तिच्या हातात चौकात बंद पडली, आणि हे सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरीच्या हाती गाडी टिकत नाही. उद्या पारसशेठले देऊन टाकतो."

मी सीटखाली चरफडलो. स्क्रूचं ऐकतं कोण?

सकाळी जुन्या गाड्या विकत घेणारे पारसशेठ खरंच आले. पंजाबराव चमचा घेऊन निघाले, तर स्नेहा आडवी उभी.

"बाबा, हात नका लावू. आधी इंजिन गरम होऊ द्या."

"मले शिकवून राह्यली? जन्मभर एसटी चालवली म्या!"

"चालवली ना. दुरुस्त तं डेपोतले लोक करत होते. तुमी काहून पिळता रोज?"

पारसशेठ खो खो हसले. "बसा पंजाबराव, चाय घ्या. पाहू तं द्या पोरगी काय करते."

तिनं चोक ओढून गाडी सुरू केली आणि नुसती थांबली. इंजिन तापू दिलं. चोक आत ढकलला, लाइट, पंखा बंद केला. मग नीट स्क्रूड्रायव्हर लावून मला जरासं फिरवलं. ऐकलं. केसभर मागे घेतलं. इंजिन एका लयीत आलं. कित्येक वर्षांनी मी माझ्या जागी होतो. इतकं हलकं वाटलं, काय सांगू!

स्नेहानं गाडी चौकापर्यंत नेली, उभी केली, वळवून आणली. एकदाही बंद पडली नाही.

"मंग? देता ना गाडी?" पारसशेठ.

पंजाबरावांनी कप खाली ठेवला. "कशी देऊ? क्लासच्या पोरी वाट पाहून राह्यल्या." चुकलो म्हणाले नाहीत. ते म्हणणारही नाहीत.

आता रोज फाट्यावर आम्ही पोरींसाठी थांबतो. इंजिन चालू असतं, मला कोणी हात लावत नाही. घरोघरच्या बापांनो, तुम्हालाही रिसोडला यायचं असेल तर या. मागे बसा. खिडकीजवळ जागा आहे.