धाब्याची सावड

किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या गावानं मातीच्या सपाट छताची, धाब्याची, धास्तीच घेतली. तीन वर्षांत घराघरांवर टीनपत्रे चमकू लागले. धाबी उरली दोनच: लिंबाजीचं आणि सत्यभामाबाईचं.

धाब्याला दरसाल मृगाआधी पांढऱ्या मातीचा थर द्यावा लागतो. एकट्याचं ते काम नव्हे. म्हणून सावड: आज सगळे तुझ्या धाब्यावर, उद्या माझ्या. पूर्वी चौदा घरची माणसं टोपली घेऊन यायची. एक जण अभंग धरायचा, बाकीचे ध्रुपद उचलायचे. कीर्तनकारानं चरण म्हणावा आणि मागं टाळकरीच नसावेत, तशी गत आता झाली होती.

सत्यभामाबाईच्या घरात दुसरं कोणी नाही. लेक सुकन्या जवळा बाजारला दिलेली. तिच्या बाळंतपणाला पंधरा दिवस राहून बाई रविवारी रात्री परतली आणि ठरल्याप्रमाणं सोमवारी उजाडताच टोपलं घेऊन लिंबाजीच्या दारी गेली. वर पाहते, तर कोरे पत्रे.

लिंबाजी दारातच चपापला. "वयनी, पोरगं आयकंना. तुमी गावाला गेल्या, अन् शिवहारनं पत्रे आणले."

"बराबर हाय. मंग मी आता कुणाच्या धाब्यावर चढू?"

 बाई रिकामं टोपलं घेऊन माघारी आली.

दुपारी पत्रे तापले आणि नेहमीसारखी माणसं तिच्या ओसरीत निजायला आली. रुख्मिणीबाई आली, प्रभू आला, शिवहारही उशी घेऊन आला.

"काकू, तुमच्या घरात देवळावानी गार वाटतंय बगा!" प्रभू म्हणाला.

"मंग उद्या सकाळी एकेक टोपलं माती आणा. धाबं उघडं पडलंय."

"तुमी बी पत्रे टाका की," शिवहार म्हणाला.

"अन् तू दुपारी कुठं निजशील रे? सासुरवाडीला?"

सगळे हसले. सकाळी कोणी आलं नाही.

मग तिनं एकटीनंच सुरुवात केली. टोपलं डोक्यावर, एक हात शिडीला. चार दिवसांत एका कोपऱ्यापुरती जागा झाली. पाचव्या दिवशी मागून शिडी करकरली. लिंबाजी माती घेऊन वर येत होता.

"तुमचं त धाबं न्हाई. फेड कशी करू?" ती म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या. त्या पत्र्याखाली मला झोप न्हाई येऊन राहिली, वयनी."

दोघं राबली. पण पश्चिमेकडून आभाळ भरून येत होतं, आणि जमली होती ती माती अर्ध्याच धाब्याला पुरणार होती.

"आत चूल हाय, देव हायेत, तुमचं अंथरूण हाय," लिंबाजी म्हणाला. "आदी तिथं टाकू."

"न्हाई. आदी ओसरी."

"काहून? त्या निजणाऱ्यांसाठी? एकानं टोपलं उचललं न्हाई!"

"आत मी एकलीच हाय. गळलं त देवाला घेऊन सरकून बसंन. हे ओसरीतून उठले, त घरात मानूस दिसायचं न्हाई मला."

 लिंबाजी ओसरीवरच्या धाब्यावर माती पसरून चोपण्यानं बडवू लागला. अभंगही त्यानंच धरला. बाईनं ध्रुपद उचललं. दोनच आवाज. खाली ओसरीत दुपारची झोप घेत शिवहार घोरत होता.

मध्येच तिनं लिंबाजीचा हात थांबवला.

"हळू चोपा," ती म्हणाली. "निजलेत."