विड्याचा थाळा आणि पाच पंच

मित्रांनो, मी एक जुना पितळी थाळा आहे. जुन्या वस्तू गोडच बोलतात असा तुमचा समज असेल, तर तो आत्ताच सोडा. मी चिडलेला आहे.

एकोणीसशे सालानंतर थोड्याच वर्षांनी बेळगावच्या एका तांबटानं मला घडवलं. कुंभारवाडा नावाच्या गावी येऊन मी पंचांच्या बैठकीचा थाळा झालो. माझ्यात विडे मांडायचे. पहिला विडा गावकरानं, म्हणजे गावप्रमुख येसाजीनं उचलायचा, मग मी त्याच्या उजवीकडून एकेकाकडं फिरायचो. फेरी पुरी झाल्याशिवाय तक्रार ऐकायची नाही. मला चिंचेनं घासत. मला वाटे, न्याय माझ्यामुळेच होतो.

एका सकाळी रुक्मा आली. नवऱ्यामागं ती एकटीच ओढ्याच्या पाण्यावर उन्हाळी भात करायची. तिच्याच दिरानं, परशूनं, वर मातीचा बांध घालून पाणी अडवलं होतं.

"गावकर, दाणं भरायची येळ हाय. आज पानी न्हाई मिळालं तर समदं पोचट व्हईल."

"बस, बाय. आदी फेरी होऊ दे."

फेरीसाठी पाच पंच गोल बसायचे होते. त्यांतला एक खुद्द परशू. येसाजीची पाठ देवळाकडं, हे ठरलेलं. कान्हूचा उजवा कान गेलेला, म्हणून गावकर त्याच्या डाव्या हाताला हवा. उमाजी आणि परशू शिकारीच्या वाट्यावरून भांडलेले. शेजारी बसणार नाहीत. आणि झिलूला गावकराच्या उजवीकडचीच जागा हवी, कारण दुसरा विडा तिथं मिळतो.

मी मधोमध होतो. गावकराच्या उजवीकडं कान्हू, दुसरं काही होणंच नाही. उरल्या ओळीनं तीन जागा. भांडलेले दोघं टोकांना, झिलू मधे. संपलं. पितळेलासुद्धा यापेक्षा जास्त वेळ लागला नाही.

रुक्मालाही ते दिसलं. "झिलूमामा, तुमी त्या दोगांच्या मधी बसा की."

"म्हंजे चौथा इडा? माज्या आज्यानं कदी चौथा इडा खाल्ला न्हाई."

"मग आज्यालाच आणून बशीव," उमाजी म्हणाला.

"कोन काय म्हनलं?" कान्हूनं विचारलं. तो चुकीच्या बाजूला बसला होता.

ऊन डोक्यावर आलं. पंच उठत, बसत, पुन्हा उठत. परशू तर दर वेळी आनंदानं उठायचा. त्याला कसली घाई?

शेवटी रुक्मा गोलात शिरली. विडे तिनं येसाजीच्या पुढ्यात ओतले, मला काखेत मारलं आणि निघाली.

"थाळा कुटं नेतीस?" येसाजी ओरडला.

"तुमी बसा. बसून झालं की हाक मारा."

बांधावर जाऊन तिनं मला मातीत खुपसलं. माझा काठ वाकला. मीही जीव खाऊन माती उपसली. पंच धापा टाकत पोचले, तोवर पाणी तिच्या भातात शिरलं होतं.

परशूनं येसाजीकडं पाहिलं. येसाजी म्हणाला, "परशू, तक्रार हाय व्हय? मग बैठक बोलीव. गोल बसून ऐकू."

परशूनं बैठक बोलावली नाही.

गावानं मला बाटलेला ठरवलं आणि नवा थाळा आणला. मी रुक्माकडं राहिलो, काळवंडलो. मित्रांनो, मला घासा किंवा घासू नका. पण कुणी दारात गाऱ्हाणं घेऊन आलं, तर आधी त्याचं ऐका. मानाच्या जागा मागाहून वाटा. उभ्यानं ऐकलेलं गाऱ्हाणंही नीट समजतं.