थांबरीचं नाव

धाकट्या सुनेला दुपारच्या आत इस्पितळात हजर व्हायचं होतं. आज गेली नाही, तर नर्सची जागा दुसरीला. नवीकोरी साडी नेसून ती निघाली खरी, पण घराची पुढची खोली म्हणजे सासऱ्यांचं शोभेच्या माशांचं दुकान. बाहेरची वाट काचेच्या टाक्यांमधून, जेमतेम एका माणसाची. आणि त्या वाटेत दातांचे डॉक्टर उभे.

"ह्या बोटभर माशाला थांबरी का म्हणतात हो?"

झालं! सासऱ्यांचा गळा मोकळा झाला. "अहो, तहानेला भक्त ओढ्यावर आला. मासे सैरावैरा, पाणी गढूळ. देव म्हणाला, थांब गं बाई! तेव्हापासून थांबलीय बिचारी. कशी निवांत! आमची सूनबाईच जणू. थांबा, नीट दाखवतो." असं म्हणून त्यांनी टाकीत धार सोडणारा पंप बंद केला.

धार तुटली नि मासळ्या भांबावल्या. एक तर काचेवर आपटली. सुनेला राहवेना. तिनं हात लांबवून पंप लावला.

"मामंजी, ती थांबलेली नसते. पाणी मागं रेटतं, तेवढीच ती पुढं पोहते. सारा जन्म! काठावरून कुणीतरी पाहिलं, त्याला वाटलं थांबलीय. त्यानं ठेवलं हे नाव."

डॉक्टर वाकले. शेपटी सारखी थरथरत होती. "खरंच की!"

दुसरा एखादा सासरा चिडला असता. हा लोण्याचा गोळा. डोळेच भरून आले. "देवाच्या नावावर काय खपवत होतो गं मी! बस इथं. आजपासून ही गोष्ट तूच सांगायची."

"पण इस्पितळ..."

"असलं रत्न परक्यांच्या उशापायथ्याला धाडू? वेड लागलंय का मला?"

"मी कधीची तेच म्हणतेय!" सासूबाई आतून ओरडल्या.

डॉक्टरांनी गाडीतल्या बायकोला हाक मारली, "अगं, ये, ऐकण्यासारखं आहे!" ती आली, तिच्यामागून शेजारीण आली. होती नव्हती ती वाटही बुजली. सासऱ्यांनी स्वतःचं स्टूल खांद्यावरच्या पंच्यानं पुसून सुनेपुढं सरकवलं. सगळे माना उंचावून बघत राहिले.

ती टेकली. "ही आहे ना," ती म्हणाली, "ही पोहतेय."

"जरा मोठ्यानं, बाळा," सासरे मायेनं म्हणाले, "मागच्यांना ऐकू येत नाही."