शेतातली फक्की

चौऱ्याण्णव साली मिरारोडच्या इमारती आमच्या भातशेताच्या बांधाला येऊन टेकल्या होत्या. गोड बोलणारा प्रत्येक माणूस मला बिल्डरचा वाटायचा. त्यामुळे समाजकार्याच्या कॉलेजातली दोन पोरं ओटीवर येऊन "काकी, शेत कुणाच्या नावावर आहे?" म्हणाली, तेव्हाच मी ओळखलं, इथे पाणी मुरतंय. शेत ह्यांच्या नावावर, राबणारी मी. विकायचं नाही, असं सासऱ्यांनी मरताना ह्यांच्याकडून वचन घेतलं होतं.

पोरगी निशिगंधा, त्याच नव्या इमारतींतल्या पूनम सागर कॉम्प्लेक्सात राहणारी. पोरगा भूपेश. त्यांचा म्हणे जगाच्या शाश्वत विकासावर अभ्यास चालला होता.

"म्हंजे काय गो?" मी विचारलं.

"पुढच्या पिढ्यांना उरेल इतपतच वापरायचं, काकी. सगळ्या जगाने."

"सगळ्या जगाने कशाला?" भूपेश तिच्यावर उखडला. "श्रीमंत देश खाऊन बसलेत, आणि आता राखायचं आपण?"

माझ्याच ओटीवर माझाच चहा पीत दोघं भांडली. मला भूपेशचं पटलं, पण दाखवलं नाही. आधी भांडायचं आणि मग हळूच भाव विचारायचा, अशीही सोंगं असतात.

त्यांना गावाचा नकाशा जमिनीवर काढायचा होता, तोही गावकऱ्यांच्या हातून. त्यांच्या अभ्यासाची तशी रीतच होती. पौषात शेत रिकामं होतं. भूपेशने कबड्डीचं मैदान आखायची पांढरी फक्की पिशवी भरून आणली. जमीन विकली गेली की बिल्डरची माणसं पायाची आखणी ह्याच फक्कीने करतात. मी पिशवीच हिसकावली. "रेघा मीच मारीन. तुमच्या हातात देनार न्हाय."

मिठागर काढलं, विहीर काढली.

"वीस वर्षांनी इथे काय हवं?" निशिगंधाने विचारलं.

"भात," म्हटलं आणि शेताच्या चारी कडांनी सरळ रेघ ओढली. खरं सांगते, मजा वाटली. पोरं वाईट नव्हती.

मी पेंढ्याच्या उडवीआड पिशवी ठेवायला गेले, तेवढ्यात हे बाजारातून आले. बांधावरून त्यांना रेघा दिसल्या आणि पाठमोरा भूपेश दिसला. मी दिसले नाही.

"ए, आज कशी आखणी केलीस?" हे ओरडले. "शिमग्यानंतर ठरलेलं ना? घरात अजून सांगितलं न्हाय मी!"

भूपेश गोंधळला. "काय सांगितलं नाही, काका?"

मी उडवीआडून बाहेर आले. मला पाहताच ह्यांचा चेहरा उतरला. माझ्या अंगाची लाही झाली. साऱ्या जगावर मी डोळा ठेवून होते, आणि घरातल्या माणसाकडे एकदाही तसं पाहिलं नव्हतं.

"कुनाला दिलंत?"

हे पोरांकडे बघत पुटपुटले, "आधी ह्यांना जाऊ दे."

"न्हाय," मी म्हटलं. "पोरं हितंच थांबतील. त्यांच्यादेखत सांगा."