वेशीवर उच्चारलेला शब्द

नवा राजा शहर जिंकून आला, पण त्याची भाषा तिथे कुणालाच येत नव्हती. एक तांबटाची सून तेवढी त्याच्या मुलखात लहानाची मोठी झालेली. राजाने तिलाच दुभाषी नेमलं. शहराचा जुना रिवाज मात्र त्याने मोडला नाही: वेशीतल्या दगडावरून लोकांच्या भाषेत पुकारला की हुकूम लागू, आणि मग तो खुद्द राजालाही मागे घेता येत नसे.

एका सकाळी म्हाताऱ्या विणकराला बांधून आणलं. भर बाजारात तो म्हणाला होता, "आम्हाला कळतच नाही, तो हुकूम कसला?"

राजाने त्याच्याकडे न बघताच दोन शब्द टाकले. मान उडवा.

हा विणकर दुभाषीच्या सासऱ्यांचा जिवलग. तिच्या लेकीच्या पाळण्याची झोळी त्यानेच विणलेली. ती दगडावर चढली. गर्दीत नवरा दिसला, चेहरा पांढराफटक.

"राजा म्हणतो, याला शहराबाहेर काढा."

गर्दीने सुस्कारा सोडला. वेशीवरच्या शिपायांनी, ते इथलेच, विणकराचे दोर सोडून त्याला बाहेर ढकललंसुद्धा.

राजाने तिला जवळ बोलावलं. "काय सांगितलंस?"

खोटं बोलायला जीभ रेटेना. "हद्दपारी, महाराज."

"आता मी शब्द फिरवला तर?"

"उद्यापासून वेशीवरचा तुमचा एकही शब्द लोक खरा धरणार नाहीत."

"आणि तुझीच मान उडवली तर?"

"तो हुकूमही लोकांना कुणीतरी सांगावा लागेल, महाराज."

राजा हसला नाही. "घरी जा," एवढंच म्हणाला.

घरी नवऱ्याने दाराला अडसर घातला. "वेड लागलं होतं का तुला? पोरीचा तरी विचार करायचास!" सासऱ्यांपुढचं ताट तसंच राहिलं. गल्लीत पाऊल वाजलं की ती लेकीला उराशी धरायची.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलंच. राजा एकटाच बसला होता.

"बस," तो म्हणाला. "मला तुमची भाषा शिकव."

ती समजायचं ते समजली. नाही म्हणायची सोय नव्हती. ती शिकवू लागली, होता होईल तितकं रमतगमत, एकेका शब्दावर रेंगाळत.

राजा मात्र भराभर शिकत होता.