उजवीकडे चोवीस टिक

थाळीला एकही भोक नव्हतं. शंभर यार्डांवर पुठ्ठ्याला टाचलेली कागदी थाळी कोरी राहिली होती आणि शीलाच्या तिन्ही गोळ्या तिच्या डावीकडे नुसत्या पुठ्ठ्यात घुसल्या होत्या.

कॅनडात दर नोव्हेंबरात परवाना काढून हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या पाच मराठी जणांच्या टोळीचा राजन हा म्होरक्या, आणि नियमही त्याचाच. सीझनच्या आधीच्या शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर यायचं, तीन गोळ्या थाळीत घालायच्या. ज्याच्या जाणार नाहीत, त्याने त्या वर्षी शिकारीला यायचं नाही.

"होतं असं, वहिनी," तो मवाळपणे म्हणाला. "तुम्ही कॅम्पवर या ना, किचन सांभाळा. दीनानाथची रायफल मी माझ्या नावावर ट्रान्सफर करून घेतो, डोन्ट वरी."

शीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा, दीनानाथ, मार्चमध्ये गेला, तेव्हापासून जो तो तिला कुठेतरी बसवायला निघाला होता. मुलगा त्याच्या मिसिसागातल्या घराच्या बेसमेंटमध्ये, मराठी मंडळातल्या बायका भजनात आणि आता हा स्वयंपाकघरात. त्याच्याबरोबर तिने शिकारीचे नऊ सीझन काढले होते, लायसन्स तिचं स्वतःचं होतं. पण रायफल दीनानाथ जुळवतो म्हणून वहिनींचा नेम लागतो, असं या शहाण्यांनी ठरवून टाकलं होतं. खरं तर रायफलवरची नेमाची दुर्बीण जुळवायची शीला. दीनानाथ शेजारी उभा राहून रिकामी काडतुसं वेचायचा आणि त्यांच्याबरोबर कौतुकही स्वतःच्या खिशात घालायचा.

फायरिंग थांबल्यावर ती चालत पुठ्ठ्यापर्यंत गेली. तिन्ही भोकं एका बिस्किटाखाली झाकली जातील इतकी जवळ होती. वॉन शहरातल्या एका कारखान्यात तिने बावीस वर्षं मोजमापाची यंत्रं तपासली होती. एका मापावर यंत्राला हात लावायचा नाही, तीन मापं घ्यायची. तिन्ही एकाच जागी चुकली तर हात बरोबर असतो, यंत्र सरकलेलं असतं. तिने खिशातली स्टीलची पट्टी लावली. थाळीच्या मध्यापासून बरोबर सहा इंच डावीकडे.

परत येऊन तिने दुर्बिणीच्या बाजूचं टोपण काढलं. नेम डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या आतल्या चकतीच्या खाचेत हळद होती.

मग तिला सगळं आठवलं. खंडेनवमीला दीनानाथ पाटावर रायफल ठेवून दस्त्याला एका बोटाने हळदकुंकू लावायचा. या वर्षी पूजा तिने केली, डोळे भरून आले आणि हळद दुर्बिणीवर सांडली. दुसऱ्या दिवशी टोपण काढून, चकती फिरवून फिरवून तिने टूथब्रशने घासली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या बाईने घरी हा उद्योग केला होता. तिने तो राजनला सांगूनही टाकला.

राजन हसला. नियम सगळ्यांना सारखा, आता काही करता येणार नाही, म्हणाला.

"मागच्या वर्षी तुझ्या रायफलचा स्कोप ट्रकमध्ये आपटला, तेव्हा तुला आणखी तीन गोळ्या मिळाल्या होत्या. तो अ‍ॅडजस्ट कोणी करून दिला?"

"दीनानाथने."

"दीनानाथला चष्मा लावूनही त्यावरच्या रेघा दिसत नव्हत्या. मी करून दिला. किचनमध्ये तू बस, राजन. मला तीन गोळ्या हव्यात."

राजनने गोळ्यांची पेटी तिच्यापुढे सरकवली. टोळीतले मागचे दोघे आपापल्या बुटांकडे बघत राहिले.

चकती एक टिक फिरली की शंभर यार्डांवर गोळी पाव इंच सरकते. सहा इंचांना चोवीस. शीला चकती उजवीकडे फिरवू लागली आणि प्रत्येक टिक मोठ्याने मोजू लागली. चोवीसला थांबली, टोपण घट्ट लावलं आणि बसली. आता नाही लागल्या तर रायफल राजनकडे जाणार, हे तिला पक्कं माहीत होतं. खांदा दुखत होता, पण तिने घाई केली नाही.

तिन्ही गोळ्या थाळीत लागल्या.

थाळीवर नाव लिहून ती कॅम्पच्या भिंतीला लावायची त्यांची पद्धत होती. रायफल एकच, म्हणून दोघांची मिळून थाळीही एकच असायची आणि मार्कर दीनानाथच्या हातात, म्हणून नावही त्याचंच. राजनने मार्करचं टोपण उघडलं.

"दीनानाथच लिहू ना, वहिनी? त्याची आठवण म्हणून?"

"आठवण माझी मी ठेवेन. दे इकडे."

तिने 'शीला' लिहिलं. थंडीने बोटं आखडली होती, वेलांटी वाकडी आली. ती तिने तशीच राहू दिली. मग ती खाली वाकली आणि रिकामी काडतुसं एकेक करून स्वतःच वेचू लागली.